फलक लावाच, पण त्यावर शेजाऱ्यांबद्दल लिहा

इमारतीत 'वीज वाचवा' असे फलक लावले की रहिवासी बदलतील, असं सोसायट्यांमधल्या वीजबचतीवरच्या एका लेखात म्हटलंय. फलकाला माझा विरोध नाही, पण त्यावर काय लिहिलंय ते फार महत्त्वाचं. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी घरोघरी दाराला वेगवेगळे संदेश अडकवले होते. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. 'पर्यावरण जपा', 'पैसे वाचवा' यांपेक्षा 'तुमचे बहुतेक शेजारी वीज वाचवतात' या संदेशाने वापर जास्त घटला. लोकांना स्वतःला मात्र वाटत होतं की शेजाऱ्यांचा आपल्यावर सगळ्यात कमी परिणाम होतो!

आमच्या इमारतीत जिन्यातले दिवे भर दुपारीही जळायचे. कारण आळस नव्हता. बटण मीटरच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली एकाच माणसाकडे. बंद करायचं तरी कुणी? २० वॅटचे २० दिवे दिवसाचे १२ तास, म्हणजे रोज ४.८ युनिट फुकट. टायमर बसवला आणि प्रश्न मिटला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधी हा हिशेब मांडावा, मग रहिवाशांना उपदेश करावा, असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर लिफ्टशेजारच्या फळ्यावर दर महिन्याला सामाईक मीटरचे युनिट खडूने लिहायला लागलो, गेल्या महिन्याचा आकडा शेजारीच. आता लिफ्टची वाट बघताना माणसं तो वाचतात आणि वाढला असेल तर 'पंप कुणी चालू ठेवला?' म्हणून विचारतात. फक्त एकेका घराचा वापर तिथे लिहू नका, त्यातून भांडणं होतात.