आधी ते स्टॉपवॉच बंद करा

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. दुसरी-तिसरीतली पोरगी, समोर मोबाइलवर स्टॉपवॉच, आणि ती धडा वाचत अशी सुटलीय की न थांबणाऱ्या एसटीकडे बघत राहावं तसे पूर्णविराम बिचारे कडेला उभे. खाली टाळ्याच टाळ्या. डोकंच फिरलं माझं. अहो, वाचून झाल्यावर तिला कुणी एक तरी प्रश्न विचारला का?

माझा भाचा तिसरीत आहे. परवा त्यानेही असंच घडाघडा वाचून दाखवलं. 'आजीनं परसातल्या कढीलिंबाची डहाळी खुडली.' म्हटलं, काय केलं रे आजीनं? 'परसातल्या कढीलिंबाची डहाळी खुडली.' म्हणजे काय केलं? 'आत्या, तेच तर लिहिलंय ना!'

परीक्षेत याला पूर्ण मार्क. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा, ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, झालं आकलन!

2021 मध्ये निपुण भारत आलं, म्हणजे लहान पोरांना नीट लिहिता-वाचता, आकडेमोड करता यावी म्हणून केंद्र सरकारने काढलेलं अभियान. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द वाचावेत, हे त्यातलं. पण 'अर्थासह' हेही त्यातच आहे हो! आपण आकडा तेवढा उचलला. तोही हिंदीच्या मापाने मोजणार का? 'घर के सामने' तीन शब्द, आपलं 'घरासमोर' एकच.

बरं, वेग लागतो, मान्य. जोडाक्षरापाशी अडणारं पोर वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरतं. पण वेग म्हणजे वाचन नव्हे.

बाईंवर माझा राग नाही. एका खोलीत दोन वर्ग, वर रोज कुठली तरी लिंक भरायची, निवडणुकीची कामं वेगळीच. त्यांनी प्रत्येक पोराशी कधी बोलायचं?

भाच्याला गॅलरीतल्या कुंडीपाशी नेलं. खुड म्हटलं, तर आधी हिसकाच मारला. मग नखाने हळूच डहाळी तोडली, हुंगली. परस कुठून दाखवणार? आजोळच्या घराचा जुना फोटो काढला. नंतर तेच वाक्य वाचताना स्वारी 'खुडली'पाशी रेंगाळली. घड्याळाच्या हिशोबाने नापासच म्हणायचा.

घरात पोरं असतील तर आज रात्री दहा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवा. मध्येच थांबून 'आता काय होईल रे?' विचारा, चुकीचं उत्तरही ऐकून घ्या. आणि कोल्हा बोलायला लागला की कोल्ह्याचाच आवाज काढा. शेजारचे हसतील, हसू देत.