हद्द कायम मोजणी

भूमी अभिलेख खात्यात मी ३२ वर्षं मोजणीदार होतो. माणसाला दातही तेवढेच. नोकरी मी पुरी केली, दातांनी मात्र मधेच एकेक करत स्वेच्छानिवृत्ती घेतली. शेवटचा सुळा गेल्या दिवाळीत चकलीत राहिला, आणि मग कवळीचा विषय निघाला.

कवळीत २८च दात निघाले. आयुष्यभर क्षेत्रफळ ताडून पाहिलेला माणूस मी, विचारलं, "चार कमी का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, अक्कलदाढा कवळीत बसवत नाहीत." शेजारी ही बसली होती. काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"उद्या एकदा दाखवून जा," असं बाईंनी बजावलं होतं. पण संध्याकाळी आरशात असा काही रुबाब दिसला, की उद्या कशाला जायचं? गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या डाव्या हिरडीवर ठिणगी पडली. वरच्या कवळीचं बरं असतं, तिला धरायला अख्खी टाळू मिळते. खालची म्हणजे घोड्याची नाल. मध्ये जीभ, बाजूला गाल, पुढे ओठ. तिन्ही बाजूंनी वहिवाट असलेला पट्टा जागेवर राहिलेला मी तरी पाहिला नाही. पोह्यांच्या पहिल्या घासाला ती सरकली आणि हिरडीचा बांध कोरून मोकळी झाली. बॅटरी लावून आरशात पाहिलं तर जखम तांदळाच्या कणीएवढी. जिभेला विचारलं तर तिचा आकडा एक गुंठा, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. जिभेची मोजणी कुठल्याही कोर्टात टिकायची नाही, पण त्या दिवशी माझ्या तोंडात दुसरा मोजणीदार नव्हता.

"तोंड आलंय," मी हिला म्हटलं.

"मग जाईची पानं चावा."

चावा! ज्या कामासाठी दात लागतात ते काम, दातांनीच केलेल्या जखमेवर औषध म्हणून! कवळी घालून चावावं तर जीव जातो, काढून चावावं तर पान नुसतं इकडून तिकडे फिरतं. शेळी तरी बरी. शेवटी हिने खलबत्त्यात पानं ठेचून दिली. शेजारच्या अण्णांनी तुरटीच्या गुळण्या सांगितल्या, त्यांच्या सूनबाईंनी साजूक तूप. मेडिकलवाल्याने एक जेल दिलं, ते लावल्यावर दहा मिनिटं हिरडी बधिर आणि जीभही. तेवढ्यात गावाकडून एकाचा फोन आला. त्याला मी "शातबारा काढून आण" असं सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, सकाळीच?"

तिसऱ्या दिवशी मी पेटीतून कानस काढली. टोचणारी कड बोटाला लागत होती, दोन हात मारले की काम झालं असतं. हद्दीचा दगड मालकाने स्वतः हलवायचा नसतो, हे मी शेकड्यांनी शेतकऱ्यांना ऐकवलं आहे, पण तेव्हा दगड त्यांचे होते. हिने कानस काढून घेतली आणि कुठे ठेवली ते अजून सांगितलेलं नाही.

मग मी सरळ कवळी काढून ठेवली. चार दिवस पेज, मऊ भात, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. स्वर्ग. पाचव्या दिवशी लोणच्याच्या रिकाम्या डबीत कवळी घेऊन दवाखान्यात गेलो.

"कुठे लागतंय?"

"इथे." मी बोट ठेवलं. बोटाखाली काहीच नव्हतं. गुलाबी, गुळगुळीत, निर्दोष हिरडी. तक्रारदार हजर, जागा हजर, अतिक्रमण गायब.

बाई हसल्या. "काका, खूण दिसल्याशिवाय मी कुठे घासू? अंदाजाने घासली तर कवळी सैल होईल. पुढच्या वेळी यायच्या आधी दुखलं तरी दिवसभर घाला, आणि घालूनच या." उभ्या उसात बांध सापडत नाही म्हणून मी किती जणांना "तोड झाल्यावर या" असं सांगून माघारी धाडलं असेल! त्यातला एक म्हातारा गेटपर्यंत जाऊन परत वळला होता आणि काही न बोलता माझ्याकडे बघत उभा राहिला होता. त्या दिवशी मीही दवाखान्याच्या दारातून एकदा वळून पाहिलं.

पुढची फेरी नियमाने केली. आदला अख्खा दिवस कवळी तोंडात, डोळ्यांत पाणी, जेवताना पंगतीला बसल्यासारखा गंभीर चेहरा. बाईंनी कवळीला आतून पांढरी पेस्ट फासली, तोंडात दाबून बसवली आणि काढून दिव्याखाली धरली. जिथे हिरडीने पेस्ट पुसून टाकली होती, तिथे आतला गुलाबी रंग उघडा पडला होता. आम्ही हद्दीवर फक्की मारायचो, तसंच, फक्त उलटं. मशीन घुर्र झालं, माझ्या पॅंटवर गुलाबी भुकटी पडली. अर्धी चिमूट. मोजपट्टी लावली असती तर सूतभरही भरली नसती. एवढ्याशा फरकाला आमच्या खात्यात कुणी नोटीससुद्धा काढत नाही.

"जखम हा रोग नाही, काका. कड टोचत राहिली तर वरून जेल लावून काय होणार? आता आठवड्याभरात भरेल. दोन आठवड्यांनीही भरली नाही, तर मात्र घरी बसू नका, लगेच दाखवा. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्यात नको, आकार बिघडतो."

हिने ते "उकळत्या पाण्यात नको" दोनदा विचारून घेतलं, तेव्हा मला कळलं की गेल्या गुरुवारी स्वयंपाकघरात काय घडायचं राहून गेलं.

कालपासून भाकरी सुरू केली आहे. आमटीत कुस्करून, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी, एका बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलते म्हणून. खालचं डावं प्रकरण निकाली निघालं. आज दुपारी शेंगदाण्याची चटणी घेतली, आणि वरच्या उजव्या गटातून नवा अर्ज आला आहे. उद्या सकाळपासून कवळी घालून बसतो. या वेळी खूण उमटवूनच जाणार.