मत जागेला द्या, माणसाला नको

आमच्या डाओत गेले तीन आठवडे एकाच गोष्टीवरून रणकंदन चाललंय : माणसं घ्यायची कशी? (डाओ म्हणजे बिनमालकाची ऑनलाइन संस्था. साहेब नाही, ऑफिस नाही, तिजोरी ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या, खोडता न येणाऱ्या ऑनलाइन नोंदवहीत, आणि खर्च टोकनधारकांच्या, म्हणजे संस्थेची डिजिटल नाणी बाळगणाऱ्यांच्या, मताने.) आजवर पगारी कामाची प्रत्येक जागा मतदानानेच भरली. उमेदवार सगळ्यांसमोर अर्ज टाकतो, आठवडाभर उलटतपासणी, मग मत. आता पाच जणांची निवड समिती नेमायचा प्रस्ताव आलाय, आणि निम्मे लोक म्हणताहेत, "झालं, मागच्या दाराने साहेब आले!"

मी समितीच्या बाजूने आहे. आधी नव्हतो.

दोन वर्षांपूर्वी मीही एका जागेसाठी उभा होतो. पाच दिवस पुढे होतो, शेवटच्या तासात एका वजनदार वॉलेटने (टोकनं ठेवायच्या खात्याने) पारडं फिरवलं. त्याबद्दल तक्रार नाही. ज्याची टोकनं जास्त त्याचं मत जड, हा नियम मान्य करूनच आलो होतो. खुपलं ते वेगळंच. माझं नाव, विरोधातली मतं आणि खाली "याला जमेल असं वाटत नाही" छापाचे शेरे, हे सगळं अजून तिथेच आहे. पुढे दुसरीकडे काम मागायला गेलो, तर समोरच्याने तेच पान उघडून ठेवलेलं. त्यानंतर मी दोन चांगल्या माणसांना "अर्ज कर" म्हणून गळ घातली. दोघांचं उत्तर जवळपास एकच : चारचौघांत नापास व्हायची हौस नाही. त्यातल्या एकीने लिहिलेला कोड आपण आजही रोज वापरतो.

जे आले त्यांच्यातून निवड बरोबर झाली का, यावर आपण तावातावाने भांडतो. जे आलेच नाहीत त्यांची नोंद कुठल्या ब्लॉकमध्ये आहे?

इंग्रजी विकिपीडियाला हे दुखणं जुनं आहे. तिथले प्रचालक (देखरेखीचे जादा अधिकार असलेले सदस्य) बिनपगारी, तरी निवडीवेळी उमेदवार उघड चर्चेत इतके सोलून निघायचे की लोक उभे राहायला कचरू लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी गुप्त मतदानाने निवडणूक घेऊन पाहिली. ३२ जण मतदानापर्यंत टिकले, ११ निवडून आले. आकडे जाहीर झालेच, पण मतासोबत विरोधाचं कारण लिहायची सोय नव्हती.

आता विरोधकांचा मुद्दा : समिती म्हणजे गोतावळा. खोटं नाही. २००६ मध्ये डेबियनमध्ये (स्वयंसेवकांनी चालवलेला ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प) काही जणांनी प्रकल्पाबाहेरून पैसे उभे करून दोन रिलीज मॅनेजरांना, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढायचं काम सांभाळणाऱ्यांना, मानधन द्यायचं ठरवलं, का, तर नवी आवृत्ती डिसेंबरात वेळेवर यावी. फुकट राबणाऱ्या बाकीच्यांपैकी बरेच दुखावले. आवृत्ती आली एप्रिल २००७ मध्ये. उशिराचं सगळं खापर त्यावर फोडणार नाही, पण "हे ठरवलं कुणी?" या प्रश्नाने किती हात आखडतात ते तिथे दिसलं.

म्हणून माझं म्हणणं असं की जागा हवी का, मानधन किती, मुदत किती, हे सगळ्यांनी मतदानाने ठरवावं. त्या जागेवर कोण, ते समितीने. नाकारलेल्यांची नावं बाहेर येऊ नयेत. आपल्याकडे निम्मी मंडळी टोपणनावाने वावरतात, एकच माणूस दोन वॉलेटांनी येऊ शकतो, तिथे पदवी आणि मुलाखत काय चाटायची? दोन आठवडे खरं काम द्या आणि त्याचे पैसे मोजा. (फुकटची 'चाचणी' करून घेऊन तेच काम वापरणारे महाभाग मी पाहिलेत.) सहा महिन्यांनी मुदतवाढीचं मतदान मात्र उघड आणि सगळ्यांचं. तेव्हा काम समोर असतं, नुसता अर्ज नसतो.

हो, समिती चुकेल. मतदानाने घेतलेले दोघे चार महिने फिरकले नव्हते आणि तिजोरीतून पैसे जात राहिले, कारण त्यांना काढायचा प्रस्ताव कोण आणणार, हे कुणाचंच काम नव्हतं. निदान समितीला जाब तरी विचारता येईल.

मतदान रविवारी रात्री बंद होतंय. प्रस्तावातलं चौथं कलम नीट वाचा : समितीतली रिकामी जागा समितीनेच भरायची, असं त्यात लिहिलंय. ते निघालं तर माझं मत 'हो'. तसंच राहिलं तर इतकं लिहूनसुद्धा 'नाही'.