केज वॉरियर्स मॅकग्रेगरने उभी केली नाही

"कॉनर मॅकग्रेगर नसता तर केज वॉरियर्सचं नावही कोणी ऐकलं नसतं. कंपनी त्याने मोठी केली, आणि तो गेल्यावर ती यूएफसीला पोरं पुरवणारं दुकान होऊन बसली." केज वॉरियर्स ही एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या लढती भरवणारी कंपनी; यूएफसी ही त्या खेळातली जगातली सगळ्यात मोठी कंपनी, आणि मॅकग्रेगर हा तिचा आयरिश स्टार. एमएमएच्या चाहत्यांमध्ये हा दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. तारखा लावून पाहिल्या की तो कोसळतो, आणि त्यात ज्यांचं श्रेय बुडतं त्यांच्यासाठी हे लिहायलाच हवं.

आधी "नावही ऐकलं नसतं" हे घेऊ. डगी ट्रूमन यांच्या या ब्रिटिश कंपनीचा पहिला शो लंडनमध्ये २००२ साली झाला. मॅकग्रेगर तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. पुढे यूएफसीचा पहिला ब्रिटिश विजेता ठरलेला मायकल बिस्पिंग इथे लाइट हेवीवेट या वजनगटाचा पट्टा, म्हणजे विजेतेपद, मिरवून गेला. इथलाच डॅन हार्डी मार्च २०१० मध्ये जॉर्ज सेंट-पिएरशी यूएफसीच्या पट्ट्यासाठी पाच फेऱ्या लढला. मॅकग्रेगरची हवा सुरू होण्याआधीच्या या गोष्टी आहेत.

आता "कंपनी त्याने मोठी केली". नोव्हेंबर २०१०, कॉर्क. जो डफीने खाली घेऊन मान आवळली आणि अवघ्या ३८ सेकंदांत मॅकग्रेगरने टॅप करून हार मानली. अशा हारीनंतर कितीतरी पोरं छोट्या हॉलांमध्येच विरून जातात. त्याला मात्र पुन्हा लढती मिळाल्या, त्याही चढत्या ताकदीच्या. जून २०१२ मध्ये फेदरवेटचा पट्टा, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला डब्लिनमध्ये इव्हान बुखिंगरला डाव्या हाताने आडवं करून लाइटवेटचा. कोणाची जोड कोणाशी आणि कधी लावायची, हे इयन डीन यांचं काम. ते कॅमेऱ्यासमोर दिसत नाही, म्हणून कोणी मोजतही नाही. मॅकग्रेगरची गुणवत्ता वादातीत आहे, पण ती जगाला दिसावी अशी पायरी त्याला इथेच मिळाली.

माझ्या मते सगळ्यात पक्का पुरावा २०१५चा आहे. १२ डिसेंबरला मॅकग्रेगरने यूएफसीच्या फेदरवेट विजेत्या जोझे आल्दोला १३ सेकंदांत झोपवलं. त्याचं नाव त्याहून मोठं होणं कठीण होतं. आणि नेमक्या त्याच काळात केज वॉरियर्सचे शो बंद होते! त्याच्या नावावरच कंपनी चालत असती, तर त्या वर्षी तिच्या दारात रांगा लागायला हव्या होत्या. ती पुन्हा उभी राहिली २०१६ मध्ये, ग्रॅहम बॉयलन यांच्या हाताखाली. सप्टेंबरमध्ये लिव्हरपूलच्या एको अरीनात पॅडी पिम्ब्लेटने फेदरवेटचा पट्टा जिंकला तेव्हा गर्दी घरच्या पोरासाठी आली होती.

राहिलं "दुकान". फायटर इथून यूएफसीत जातात, हे खरंच आहे. टॉम ॲस्पिनॉल २०१९ मध्ये इथे लढला आणि २०२३ मध्ये यूएफसीचा अंतरिम हेवीवेट विजेता झाला. मॉली मॅकॅनही इथलीच. पण यात कमीपणा कसला? विजेता गेला की पट्टा रिकामा होतो आणि त्यासाठी पुढची जोड लागते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे यूएफसीचा लंडनचा शो रद्द झाला. केज वॉरियर्सने आपला शो लंडनहून मँचेस्टरला हलवला आणि रिकाम्या हॉलमध्ये पार पाडला. त्या रात्री वेल्सच्या मेसन जोन्सने लाइटवेटचा पट्टा घेतला. सप्टेंबरमध्ये त्याच शहरात लागोपाठ तीन रात्री शो झाले, तिथे त्याने वेल्टरवेटचाही पट्टा जिंकला, आणि मग यूएफसी गाठली.

ब्रिटनमधलं सगळंच केज वॉरियर्सने केलं, असंही मला म्हणायचं नाही. पुढे यूएफसीचा विजेता झालेला लिऑन एडवर्ड्स बामा या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या पिंजऱ्यातून वर आला, आणि ते श्रेय बामाचंच. केज वॉरियर्सचं श्रेय वाटायचं असेल, तर ट्रूमन, बॉयलन आणि डीन ही नावं मॅकग्रेगरच्या आधी घ्या.