खालच्या टोपलीतले बांगडे

म्हापशाच्या बाजारात बांगड्याचा कल्ला उघडून पाहिला, म्हणून मासळीवालीनं चारचौघांत माझा हात झटकला. "घेवपाक जाय जाल्यार घे, ना जाल्यार वच!" आणि वरच्या लखलखीत बांगड्यांना धक्का न लावता माझा वाटा खालच्या टोपलीतून काढला.

मी तोंड उघडणार, तोच शेजारच्या बुशशर्टातल्या गृहस्थांनी उघडलं. "बरोबर आहे तिचं. जुना माल आधी गेला पाहिजे. उभी हयात स्टोअर सांभाळलंय मी. हॅरिस ठाऊक असेलच?"

मी बांगडे घ्यायला आलो होतो.

"1913! एका वेळी माल किती मागवावा, त्याचं सूत्र. पण त्यात माल कुजतच नाही. खिळ्यांना ठीक आहे हो! मग 1963 साली आले घारे आणि श्राडर. घारे! म्हणजे आपलेच असणार." इथे त्यांचा ऊर असा भरून आला की मागच्या बाईंना सरकावं लागलं. "उरलेल्या साठ्याचा ठरावीक हिस्सा सतत कुजत राहतो, असं त्यांनी धरलं. हा थीटा." बर्फाच्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी फरशीवर तो काढूनही दाखवला.

"मासा असा हप्त्याहप्त्यानं कुजत नाही," मी चिडून म्हणालो. "सकाळी बरा असतो, दुपारी एकदम जातो."

"शाब्बास! 1973, कव्हर्ट आणि फिलिप! वायबुल नावाचं संख्याशास्त्रातलं वितरण! ते वापरलं की गणितात वयाबरोबर कुजण्याचा वेगही वाढवता येतो!"

माझ्या वाट्यावर माशा बसत होत्या. एवढ्यात मागच्या बाई पुढे झाल्या, कल्ले उघडून उघडून वरचेच बांगडे उचलले. मासळीवाली चक्क हसली.

"आणि हे?"

"गिऱ्हाइकानं निवडलं की ताजा माल आधी जातो," गृहस्थ गंभीरपणे म्हणाले. "त्याचंही गणित आहे."

असेल. दुकानाच्या फ्रीजमध्ये कोपरापर्यंत हात घालून मागची दुधाची पिशवी ओढणारे काय कमी आहेत? पुढची निमूट उचलणाऱ्याच्या घरी दूध नासतं. पुस्तकात कुजलेल्या मालाचा खर्च दुकानदाराच्या नावे मांडतात म्हणे. इथे तो भिडस्त माणसाच्या पिशवीत भरतात, वर ताज्याचा भाव घेतात. शिळ्याचा भाव उतरवायला कोणाची ना होती? पण भाव उतरवण्यापेक्षा माझ्यासारखा चेहरा शोधणं स्वस्त पडतं.

गृहस्थांनी स्वतः मात्र सुकी सुंगटं घेतली, किसमुरीला. एकेक निवडून. "थीटा जवळपास शून्य," ते म्हणाले, आणि माझ्या पिशवीत डोकावून, "हे मात्र घरी गेल्या गेल्या तळा."