फी घेऊन ऐकणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा?

नमस्कार भाई, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. काउन्सेलरने पैसे घेऊन दाखवलेली आपुलकी म्हणजे नाटक, गोव्यात कुठलीच गोष्ट लपून राहत नाही, आणि तुमची भाची दोनदा जाऊन आली तर थेरपिस्ट नुसती मान हलवत बसली होती, असं तुमचं म्हणणं.

लपून राहत नाही हे अगदी खरं. अजूनही माणसं बांबोळीच्या सरकारी इस्पितळात मानसोपचाराला जायचं असेल तर घरात दुसरंच कारण सांगून निघतात. म्हणून मी काउन्सेलिंगच्या पहिल्याच दिवशी विचारतो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपण समोरासमोर आलो तर हाक मारू की ओळख न दाखवता पुढे जाऊ? एवढ्यानेच समोरचा जरा सैल होतो, कारण ठरवणारा तो असतो. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गुप्तता हा पेशंटचा हक्कच आहे, पण जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश असे अपवादही आहेत, तेही मी तेव्हाच सांगून टाकतो, मागाहून कळले तर विश्वास उडणारच ना. तुम्ही एखादी केस लिहा म्हणालात, ती नाही लिहिणार, नाव बदलूनही नाही, आपल्याकडे नाव बदलून काय लपतं?

आता नाटकाचं. फी वेळेची आणि शिकण्याची असते, आणि समजून घेणं हे शिकावंच लागतं. इथल्याच 'संगथ' संस्थेने डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन डिप्रेशनच्या पेशंटसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत बसवलं, ही माणसं एकमेकांच्या सेशन्सचं रेकॉर्डिंग ऐकून मार्क द्यायची, कुठे घाईने सल्ला दिला, कुठे ऐकलंच नाही. 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात रिझल्ट आले, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हे काउन्सेलिंग मिळालेल्यांना जास्त फरक पडला होता. ह्याला नाटक कसं म्हणू? घरचं माणूस मायेने ऐकतं हो, पण ऐकता ऐकता तेच घाबरतं, मग आपण त्यालाच धीर देत बसतो.

भाचीबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. नुसती मान हलवणं म्हणजे समजून घेणं नव्हे. पण तिने सोडायच्या आधी एकदा तोंडावर सांगावं, तुम्ही गप्प बसलात की मला एकटं वाटतं. थेरपिस्टने ते मनावर घेतलं, कधी कधी असं वाटतं ते विचारलं, तर तिथून पुढे खरं बोलणं होऊ शकेल. आणि ती उलट स्वतःचंच समर्थन करत बसली, तर खुशाल दुसरी शोधा.