मुक्काम पोस्ट घोलवड-उंबरगाव

फेब्रुवारी हा वर्षातला सर्वांत आखूड महिना असला, तरी आमच्या पगारपत्रकात तो सर्वांत महाग महिना आहे. एरवी दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापणारे आमचे मुंबईचे कार्यालय फेब्रुवारीत नेमाने ३०० रुपये कापते. हा कर माणशी वर्षाला २५०० रुपयांच्या वर जाऊ नये, असे राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने बजावून ठेवले आहे आणि अकरा महिन्यांचे बावीसशे झाल्यावर उरलेले तीनशे कोणाच्या तरी माथी मारणे भाग असते. ते ज्याच्या अंगी सर्वांत कमी दिवस आहेत त्या गरिबाच्या माथी मारले गेले. गुजरातेत हाच कर ‘व्यवसाय वेरो’ या नावाने बारा महिने सारखा २०० रुपये कापला जातो आणि वर्षाला २४०० वर थांबतो. व्यवहारात पैसाही न सोडणाऱ्यांचा प्रांत म्हणून ज्याची थट्टा होते, त्याने वर्षाकाठी शंभर रुपये सोडून द्यावेत आणि ते आमच्या उदार महाराष्ट्राने गोळा करावेत, हे मला बडोद्याहून मुंबईला बदली झाल्यावर कळले.

मी जन्माने आणि रेशनकार्डाने बडोदेकर आहे. आमचे घर दांडिया बाजारात आहे आणि घरात आई, पत्नी व न फिटलेले गृहकर्ज अशी माणसे राहतात. तीन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने बडोद्याची शाखा बंद केली आणि मला मुख्य कार्यालयात बोलावून घेतले. तेव्हापासून सोमवारी पहाटे मी गाडीत बसतो आणि गुरुवारी संध्याकाळी बोरिवलीहून परतीच्या गाडीत शिरतो. शुक्रवारी घरून काम असते. म्हणजे दर आठवड्याला जाऊन-येऊन सुमारे आठशे किलोमीटर आणि दोन वेळा राज्याची सीमा, एवढा माझा रतीब आहे. माझ्या आजोबांना हा त्रास नव्हता. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी आम्ही गुजरातेत गेलो, त्यामुळे मधली नेमकी अकरा वर्षे आजोबांनी दांडिया बाजारातून निघून मुंबई सेंट्रलला उतरावे आणि तरीही एकाच राज्यात असावे, अशी सोय होती. ते त्या अकरा वर्षांत मुंबईला फक्त एकदा, एका लग्नाला गेले, ही गोष्ट वेगळी.

सीमा ओलांडण्यात तसे काही अवघड नाही. गाडी ती आपोआप ओलांडते. अवघड आहे तो एक प्रश्न, जो कर, विमा, बँक आणि रुग्णालय या सर्वांच्या अर्जांत पहिल्या पानावरच दबा धरून बसलेला असतो: आपण राहता कुठे? मराठीत ‘राहणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. एक वस्तीला असणे आणि दुसरा करायचे ते न होणे. मी पहिल्या अर्थाने दोन ठिकाणी राहतो आणि दुसऱ्या अर्थाने माझे सर्वत्र काही ना काही राहून जाते. बडोद्यात पूर्वी शनिवारी एका ओळखीच्यांचे हिशेब पाहत असे, त्यासाठी घेतलेली व्यवसाय वेऱ्याची नोंदणी रद्द करायची अशीच राहून गेली आणि यथावकाश थकबाकीची नोटीस आली. ‘पण मी तिकडे भरतो ना,’ असे मी खिडकीवरच्या भाईंना म्हणालो. घटनेतली २५०० ची मर्यादा एका राज्यापुरती असते, दोन राज्ये मिळून नव्हे, हे त्यांनी मला अत्यंत गोड शब्दांत समजावले आणि गोड शब्दांतच पावती फाडली. आता तक्रार तरी कोणत्या तोंडाने करावी? १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीपूर्वी ही मर्यादा २५० रुपये होती आणि ती दसपट झाल्यावर आजतागायत कोणी हात लावलेला नाही. महागाईच्या काळात इतक्या वर्षांत न वाढलेली दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही.

जानेवारीत कार्यालयाकडून गुंतवणुकीचे आणि खर्चाचे पुरावे मागणारे पत्र येते. २०२४-२५ या आर्थिक वर्षासाठी ते आले, तेव्हा प्रथम विचारले होते की आपण प्राप्तिकराची जुनी राजवट निवडणार की नवी. बडोदेकराला असले प्रश्न विचारू नयेत. त्याला जुनी राजवट म्हटले की सयाजीराव आठवतात आणि त्याचा हात आपोआप तिकडे जातो. सुदैवाने माझे सीए गुजराती असले तरी दांडिया बाजारातच वाढलेले आहेत. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहत सांगितले, ‘दादा, राजवट भावनेने निवडायची नसते. तुमचे घरभाडे आहे, गृहकर्जाचे व्याज आहे, आईंच्या विम्याचा हप्ता आहे. तुम्हाला जुनीच परवडते. पण पुरावे सगळे पाहिजेत.’

पुराव्यांतला पहिला पुरावा बोरिवलीच्या काकूंच्या हातात होता. त्यांच्या मागच्या खोलीसाठी मी दरमहा ९००० रुपये देतो. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले की घरभाडे भत्त्यावरील सवलतीसाठी मालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि काकूंच्या मते पॅन मागणे हे वय विचारण्यापेक्षा असभ्य होते. त्यांनी तोडगा सुचवला: ‘पावती ८,३३३ ची घ्या. सगळे तसेच करतात.’ मी बारा गुणून पाहिले. ९९,९९६. अवघ्या चार रुपयांच्या आडोशाला मुंबईतले किती भाडेकरू आणि घरमालक अंग चोरून उभे असतील, या विचाराने मी क्षणभर हेलावलो. परंतु तीस वर्षे हिशेब लिहिण्यात गेल्यामुळे भरलेल्या रकमेची पावती कमी रकमेची घेणे माझ्या हाताला जमेना. अखेर काकूंनी पॅन दिला आणि त्याच दिवशी भाडे ९५०० केले, त्यामुळे करात वाचलेल्या रकमेचा मोठा वाटा रीतसर, पावतीसह, त्यांच्याकडे गेला.

तेवढ्याने कार्यालयाचे समाधान झाले नाही. मानव संसाधन विभागातली मुलगी मूळची साताऱ्याची, कामात चोख आणि बोलायला अतिशय नम्र आहे. तिने विचारले, ‘सर, आपण बोरिवलीत भाड्याने राहता म्हणून सवलत मागितली आहे आणि बडोद्याच्या घरात स्वतः राहता म्हणून गृहकर्जाच्या व्याजाचीही वजावट मागितली आहे. मग आपण नक्की राहता कुठे?’ नोकरी एका गावी आणि स्वतःचे घर दुसऱ्या गावी असेल, तर दोन्ही सवलती कायद्याने मिळतात, हे सीएंनी पढवलेले वाक्य मी म्हणून दाखवले. तिने ते लिहून घेतले आणि म्हणाली, ‘बरोबर आहे सर. पण रकाना एकच आहे.’

या एका रकान्याचे खरे स्वरूप मला फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी रात्री, धावत्या गाडीत, डाव्या कुशीत दिसले. डहाणू मागे पडले होते. आधी वाटले की बोरिवली स्थानकावरचा वडा बाधला. मग वाटले की कोणीतरी आतून स्क्रू पिळत आहे. आणि समोरच्या बाकावरच्या काकांनी माझा चेहरा पाहून, एकही प्रश्न न विचारता, ‘पथरी,’ असे निदान केले. मराठीत त्याला मुतखडा म्हणतात, पण त्या क्षणी मला पथरी हा शब्द अधिक सभ्य वाटला. खिशात विम्याची दोन कार्डे होती. मी कार्यालयाच्या सामूहिक विम्याच्या मदतकेंद्राला फोन लावला.

‘नमस्कार सर, आपल्या सेवेसाठी मी काय करू शकते? सध्या आपण कोणत्या शहरात आहात?’

‘गाडीत आहे.’

‘सर, मला जवळचे रुग्णालय शोधण्यासाठी पिनकोड लागेल.’

बाहेर घोलवडचे दिवे दिसत होते. एरवी घोलवड आले की मला चिकू आठवतात. त्या रात्री मी गुडघे पोटाशी घेऊन चाराने सुरू होणारा एखादा पिनकोड आठवू पाहत होतो. शेजारच्या मुलाने मोबाईलवर शोधून तो सांगितला, मी तो फोनवर सांगितला, पलीकडून कळा बडवल्याचा आवाज आला आणि तेवढ्यात घोलवड संपून उंबरगाव रोड आले. आता पिनकोड तिनाने सुरू होत होता. ‘सर, सर्व्हर थोडा संथ आहे,’ ती बाई म्हणाली. त्यात तिचा काही दोष नव्हता. तिचा सर्व्हर ज्या राज्यात मला शोधत होता, त्या राज्यातून मी ताशी शंभर किलोमीटरने निघून आलो होतो.

बडोद्याला उतरलो तो थेट रुग्णालयात. पत्नी माझी विम्याची फाईल घेऊन आधीच पोहोचली होती. आईने तेवढ्यात घरी कुळथाचे कढण ठेवले होते आणि फोनवर तिचा एकच प्रश्न होता: ‘अरे, तिकडे पाणी तरी पितोस का?’ रुग्णालयात टीपीएचे टेबल नावाची एक जागा असते. टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्या मधला माणूस, आणि जगातल्या सर्व मधल्या माणसांप्रमाणे दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन त्याचा चेहरा शांत झालेला असतो. त्याने माझी दोन्ही कार्डे दिव्याखाली धरली. पहिले माझ्या स्वतःच्या पॉलिसीचे होते. ती मी चौदा महिन्यांपूर्वी बडोद्याच्या पत्त्यावर घेतली होती. मुंबईत उपचार घेतल्यास वीस टक्के बिल मी भरायचे आणि बडोद्यात घेतल्यास सगळे कंपनीने, अशी तिची अट होती. मला ती फार आवडली होती. परंतु मुतखड्याला तिच्यात दोन वर्षांची प्रतीक्षा होती, म्हणजे तोवर त्याचा खर्च मिळणार नव्हता. दुसरे कार्ड सामूहिक विम्याचे. त्याला खड्याचे काही वावडे नव्हते. मात्र त्याच्या जाळ्यातली, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेली, रुग्णालये मुंबईत होती. तात्पर्य, जिथे माझी पॉलिसी चालत होती तिथे माझा आजार चालत नव्हता आणि जिथे आजार चालत होता तिथून मी नुकताच तिकीट काढून आलो होतो.

त्या शांत माणसानेच मार्ग काढला. जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांनी जाळ्याबाहेरच्या रुग्णालयांतही रोख न भरता उपचारांची योजना सुरू केली आहे. तातडीच्या प्रसंगी दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कळवायचे असते. त्याने कळवले, मंजुरी आली, आणि शुक्रवारी डॉक्टरांनी दुर्बिणीतून खडा काढून एका डबीत माझ्या हाती दिला. तुरीच्या डाळीएवढा होता. एवढ्यासाठी दोन राज्ये हलली, हे पाहून मला थोडी लाजच वाटली.

शनिवारी सकाळी दहा वाजता डॉक्टर म्हणाले, ‘तमने रजा.’ ज्यांना गुजराती येत नाही त्यांच्यासाठी सांगतो, की गुजरातीत रुग्णाला घरी सोडणे याला ‘रजा आपवी’ असे म्हणतात. मी सदरा चढवून बसलो. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे रुग्णालयाने कळवल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते आणि उशीर झाल्यास त्यामुळे वाढलेले बिल तिने सोसायचे असते. मी हे टीपीएच्या टेबलावर जाऊन सांगितले. तो म्हणाला, ‘हो ना. पण तीन तास कागद तिकडे पोहोचल्यापासून. आणि कागद आता सहीला गेला आहे.’ एक वाजता कंपनीने विचारले की रुग्णाचा पत्ता मुंबईचा असताना तो बडोद्यात कसा. मी गाडीचे तिकीट पाठवले. तीन वाजता विचारले की दुखणे नेमके कोणत्या ठिकाणी सुरू झाले. डाव्या कुशीत, असे डॉक्टरांनी लिहिले. तसे नव्हे, गाव कोणते, असे पुन्हा विचारले गेले, तेव्हा मी स्वहस्ते ‘घोलवड व उंबरगाव रोड यांच्या दरम्यान’ असे लिहून खाली सही ठोकली. या उत्तरावर तिकडे काय चर्चा झाली कोण जाणे, पण सात वाजायला वीस मिनिटे असताना मंजुरी आली. त्यातून हातमोजे, कॅरीबॅग वगैरे वस्तू वगळलेल्या होत्या. न देय वस्तूंची एक छापील यादीच असते, ६८ नगांची, आणि तिची सुरुवात बाळाच्या खाण्यापासून होते. ते मी मागितले नव्हते, हे टीपीएच्या माणसाने माझ्या बाजूने मान्य केले.

डॉक्टरांनी सोमवार ते गुरुवार प्रवास नको म्हणून सांगितल्यामुळे मी मुंबईला आजारपणाच्या रजेचा अर्ज केला आणि रुग्णालयाचे कार्ड जोडले. कार्ड गुजरातीत होते. साताऱ्याच्या मुलीने नम्रपणे देवनागरी प्रत मागितली. मी हिशेबनीस माणूस, अक्षराला अक्षर ठेवून ती करून पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले:

‘सर, आपल्या कार्डावर “शनिवारना रोज रजा आपेल छे” असे नमूद आहे. म्हणजे रुग्णालयाने आपल्याला फक्त शनिवारची रजा मंजूर केलेली दिसते. शनिवारी आपल्याकडे तशीही सुट्टी असते. सोमवार ते गुरुवारच्या रजेबद्दल त्यांनी काहीच म्हटलेले नाही. तसेच कर्मचाऱ्याची रजा रुग्णालय मंजूर करू शकते का, हे आपल्या धोरणात स्पष्ट नाही. कृपया खुलासा करावा.’

खुलासा मी सविस्तर, दोन्ही भाषांतल्या अर्थांसह पाठवला आहे. तो विचाराधीन असेपर्यंत चार दिवस बिनपगारी धरण्यात आले. महिनाअखेर पगारपत्रक आले, तेव्हा मूळ वेतन चार दिवसांनी आखडले होते, महागाई भत्ता आखडला होता, घरभाडे भत्ताही त्याच प्रमाणात आखडला होता, आणि काकूंना ९५०० पूर्ण द्यायचे होते. कपातीच्या बाजूला मात्र एक आकडा जसाच्या तसा, ताठ उभा होता. व्यवसाय कर, फेब्रुवारी, ३०० रुपये.